पीसीत फायलींची कॉपी रांगत असेल तर नवीन एसएसडी घेण्याआधी नागपूरला बर्डीवरच्या (सीताबर्डी) या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात एकदा दाखवा

चार स्टार देऊन राहिलो. कामाला पाचपैकी पाच, पण बर्डीवरची पार्किंग आणि यांची फोन न उचलायची सवय, यापायी एक कापला. पार्किंगमध्ये दुकानवाल्याचा काय दोष असं कोणी म्हणेल, तर बरोबर आहे, पण एकदा कॅबिनेट छातीशी धरून संध्याकाळच्या गर्दीतून चालत जा आणि मग सांगा.

माझं काम लग्नाच्या व्हिडिओचं आणि अल्बमचं. सीझनमध्ये एका लग्नाचे तीनशे-चारशे जीबी सहज होतात, दोन कॅमेरे, एक ड्रोन, वरून रॉ फोटो वेगळे. ते कार्डावरून पीसीत घ्या, पीसीतून एक्स्टर्नल हार्डडिस्कवर बॅकअप मारा, एडिट झालं की पार्टीला पेनड्राइव्हवर द्या, म्हणजे दिवसभर कुठून ना कुठून कुठे ना कुठे कॉपी चालूच असते. आणि तीच रांगत होती. विंडोजची ती हिरवी पट्टी सुरुवातीला सेकंदाला शंभर एमबीच्या वर दाखवायची, मग चाळीस, मग पंधरा, मग चक्क शून्य. शून्यावर मिनिटभर बसून राहायची आणि मग काही झालंच नाही असं दाखवत पुन्हा पळायची. बाकी वेळ कधी वीस मिनिटं सांगेल, कधी पाच तास. पार्टीचा फोन यायचा, "भाऊ झालं का?" आणि मी स्क्रीनकडे पाहून "हव हव, होऊनच राहिलं" म्हणायचो.

आधी एक-दोघांना दाखवलं होतं. नावं घेत नाही, कारण हा रिवाज सगळीकडेच आहे. एक म्हणे फॉरमॅट मारून टाकू, एकाने तर मशीन न पाहता फोनवरच एसएसडीचा (फिरती चकती नसलेली, चिपवाली फास्ट ड्राइव्ह) रेट सांगितला. एसएसडी वाईट सल्ला आहे असं नाही, जुन्या मशीनला जीव येते त्याने, पण ज्याने कॉपी कुठून कुठे होते हेसुद्धा विचारलं नाही त्याच्या हातात मशीन कसं द्यायचं?

हे दुकान म्हणजे जुन्या कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावरचा छोटा गाळा. तीन गिऱ्हाईकं आली की चौथ्याने जिन्यात उभं राहायचं. दादा पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, सोबत एक पोरगा कामाला. मी पीसी टेबलावर ठेवला तर त्यांनी तो उघडलाच नाही. आधी प्रश्न सुरू. कुठून कुठे कॉपी करता? एकच मोठी फाईल की बारीक बारीक हजार? पहिल्यापासूनच स्लो असते की मधातच पडते? पडते म्हणजे हळूहळू पडते की झटक्यात शून्य? केबल कोणती, पोर्ट पुढचा की मागचा? मी म्हटलं केबल तर घरीच राहिली, तर म्हणाले मग उद्या या, सगळं लटांबर घेऊन या, केबल, कार्ड रीडर, हब, एक्स्टर्नल, जे जे लावता ते सगळं. त्या दिवशी मी मनातल्या मनात थोडे शब्द वापरले हे खरं. पण दुसऱ्या दिवशी कळलं की अर्धा रोग त्या लटांबरातच होता.

त्यांची पद्धत अशी की एका जुन्या बिलाच्या मागच्या बाजूला रकाने आखले: कुठून, कुठे, सुरुवातीचा स्पीड, शेवटचा स्पीड. वीस जीबीची एकच व्हिडिओ फाईल घेतली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. आधी फक्त पोर्ट बदलला, बाकी सगळं तेच. मग फक्त केबल. मग फक्त रीडर. प्रत्येक वेळी आकडा लिहायचा आणि पुढे जायचं. दिसायला एकदम साधं काम आहे पण मला आजवर कोणी करून दाखवलं नव्हतं, कारण यात वेळ जातो आणि विकायला काही नसते.

पहिली चोरी सापडली पुढच्या पोर्टमध्ये. माझ्या कॅबिनेटला समोर निळे पोर्ट आहेत, म्हणजे यूएसबी ३.०, जुन्या २.० पेक्षा फास्ट, असं कोणीही समजेल. पण त्यात काहीही लावलं तरी चाळीसच्या वर आकडा जाईना. दादांनी साईडचं पत्र्याचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, "हे पाहा." पुढच्या पोर्टांची जी जाड निळी वायर मदरबोर्डवर १९ पिनच्या जागेत जायला पाहिजे, ती एक बोटभर कन्व्हर्टर लावून ९ पिनच्या यूएसबी २.० च्या जागेत खोचलेली. ज्याने कोणी असेंबल केलं त्याला ती जाड वायर ग्राफिक्स कार्डाच्या खालून न्यायचा कंटाळा आला असेल. म्हणजे बाहेरून निळा आणि आतून २.०, आणि मी त्यातच सगळी कार्डं रिकामी करून राहिलो होतो. कन्व्हर्टर काढला, वायर बरोबर जागी बसवली, तोच पोर्ट, तीच फाईल, आकडा सरळ दुपटीवर. तो कन्व्हर्टर मी आणला आहे घरी, ज्याला पाहायचा असेल त्याने पाहावा.

आकड्यांचं गणित त्यांनी तिथेच सांगितलं, ते लिहितो कारण बऱ्याच जणांचं इथेच फसते. डब्यावर लिहिलेलं असते बिटमध्ये आणि विंडोज दाखवते बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सरळ आठने भागायचं, आकडे सगळे दर सेकंदाचे. यूएसबी २.० म्हणजे ४८० मेगाबिट, भागलं की ६० एमबी, त्यातला वरखर्च वजा जाता हातात ३५-४० पडतात. यूएसबी ३.० म्हणजे ५ गिगाबिट, भागलं तर ६२५, पण त्यात दर १० बिटांमागे २ बिट नुसते सांभाळायला जातात म्हणून ५००, आणि प्रत्यक्षात चारशेच्या आसपास मिळाले तरी खूप. त्यामुळे तुमची कॉपी ३५-४० वर चिकटून बसली असेल, ना वर ना खाली, तर नव्वद टक्के शंका २.० च्या पोर्टची, केबलची किंवा हबची. ११-१२ वर चिकटली असेल तर नेटवर्कची शंका, ते पुढे सांगतो. आणि वर-खाली नाचत असेल तर ड्राइव्हचंच काहीतरी. हे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी दुकानात जायच्या आधी अर्धं काम होते. वरून त्या ३.० चं नाव नंतर बदलून ३.१ जेन १ केलं, मग ३.२ जेन १ केलं, स्पीड तोच ५ गिगाबिट. डब्यावर ३.२ पाहून खूश होऊ नका, पुढे जेन किती आहे ते वाचा.

कार्ड रीडर पण २.० चाच निघाला, तो सरळ बाजूला ठेवला. माझी कार्डं यूएचएस-वन (कार्डाच्या स्पीडचा एक प्रकार) आहेत, त्यांची वरची मर्यादा १०४ एमबी, म्हणजे ३.० च्या साध्या रीडरला ती पुरेपूर मिळते. यूएचएस-टूचा महागडा रीडर मी विचारला तर नाही म्हणाले, कार्डाच्या मागे पिनांची दुसरी ओळ नाही तर त्या रीडरचा उपयोग नाही. इथे त्यांचा धंदा झाला असता, झाला नाही. हबवरूनही बोलणी खाल्ली: कार्ड रीडर आणि एक्स्टर्नल दोन्ही एकाच हबवर लावले की एकाच वायरमधून माल येणार पण आणि जाणार पण. एक्स्टर्नल सरळ मागच्या पोर्टला, हब फक्त माउस-कीबोर्डला, असा फतवा निघाला.

पण हे सगळं चाळीसवर अडकण्याचं झालं, झटक्यात शून्य होण्याचं कारण वेगळंच होतं आणि ते जास्त भयानक होतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते चालवलं. एसएसडी निळी, गुड. आणि माझी २ टीबीची आतली हार्डडिस्क, ज्यावर दोन सीझनचा माल पडून होता, ती पिवळी. कॉशन. खाली लाईनीत सी५ समोर आकडा दिसत होता, म्हणजे असे सेक्टर (डिस्कवरचे बारीक तुकडे) जे डिस्कला नीट वाचता येऊन नाही राहिले आणि त्यांचं काय करायचं हे तिने अजून ठरवलं नाही. कॉपी करताना डिस्क वाचणारा हेड तिथे पोचला की डिस्क तोच तुकडा परत परत वाचायला जाते, बाकी सगळं थांबते, आणि आपल्याला स्क्रीनवर शून्य दिसते. म्हणजे ती स्लो नव्हती, मरून राहिली होती.

इथे मला या माणसाचा भरवसा पटला. मी म्हटलं चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) मारून पाहू का, नेटवर सगळे तेच सांगतात. त्यांनी माझा हात माउसवरून अक्षरशः बाजूला केला. "आधी माल बाहेर काढा भाऊ, मग दुरुस्तीचं पाहू." मरत्या डिस्कवर पूर्ण सरफेस तपासायला लावलं की ती तासन् तास घासत राहते आणि जे वाचता आलं असतं तेही जाते. त्यांनी कॉपी विंडोजच्या साध्या ड्रॅग-ड्रॉपने नाही केली, रोबोकॉपीने केली, जी विंडोजमध्ये व्हिस्टापासून आतच असते पण काळ्या खिडकीत टाइप करावी लागते म्हणून कोणी वापरत नाही. तिच्यातली एक गंमत सांगितली: एखादी फाईल वाचता आली नाही तर ती परत प्रयत्न करते, आणि काही सांगितलं नाही तर किती वेळा? दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे एका खराब फाईलवर ती आपल्या नातवाच्या लग्नापर्यंत बसेल. म्हणून आर आणि डब्ल्यू हे दोन पर्याय १ वर ठेवायचे, एकदा प्रयत्न कर, एक सेकंद थांब, नाही जमलं तर पुढची घे. तसं केलं तर जवळजवळ सगळा माल रातभरात निघाला. ज्या काही थोड्या फायली अडकल्या त्यांच्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधून माल काढायचं सॉफ्टवेअर चालवलं, ते आधी डिस्कचा सोपा भाग पूर्ण उचलून घेते आणि खराब जागांकडे शेवटी परत येते. एका हळदीच्या कार्यक्रमाची क्लिप तेवढी गेली, ती दुसऱ्या कॅमेऱ्यात होती म्हणून वाचलो. ती डिस्क आता रिटायर आहे.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये सी७ नावाची अजून एक लाईन असते, ती साटा केबलची, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलची. दुसऱ्या डिस्कचा तो आकडा वाढलेला होता पण बाकी तब्येत ठणठणीत, म्हणजे डिस्क बरी आणि केबल ढिली. दोन जेवणाच्या पैशात नवीन केबल लागली. लक्षात ठेवा, हा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, नुसता वाढायचा थांबला पाहिजे. नाहीतर लोक केबल बदलून परत आकडा पाहतात आणि डिस्क फेकून देतात.

आता एक्स्टर्नल. ४ टीबीचं, खिशात मावणारं, ज्यावर बॅकअप जातो. याचं सुरुवातीला शंभर-सव्वाशे आणि अर्ध्या तासानंतर वीस, हे पोर्ट-केबल सगळं ठीक केल्यावरही तसंच. दादा म्हणाले याला इलाज नाही, हा याचा स्वभाव आहे. एवढ्या छोट्या डिस्कमध्ये एवढी जागा बसवायला कंपन्या एसएमआर वापरतात, म्हणजे आतले ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले. वाचायला काही त्रास नाही, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची पण उचलून परत रचावी लागतात. म्हणून डिस्क नवीन माल आधी एका राखीव जागेत घाईघाईने ठेवते आणि नंतर सवडीने रचते. आपण एका दमात चारशे जीबी टाकले की राखीव जागा भरते आणि टाकणं-रचणं सोबतच सुरू होते, मग वीस. उपाय एवढाच की शंभर-दीडशे जीबीच्या हप्त्यात टाका, मधात तासभर तिला लावूनच राहू द्या, आणि कॉपी झाल्या झाल्या उपटू नका. करून पाहिलं, फरक पडतो. डब्यावर एसएमआर लिहायचं कोणाच्या जिवावर येते काय माहीत, २०२० मध्ये तर नॅसच्या (नेटवर्कवर लावायच्या स्टोरेज डब्याच्या) ड्राइव्हमध्ये न सांगता हे घातल्यावरून जगभर बोंब झाली होती. आपण घेताना मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या डेटाशीटमध्ये पाहायचं, सीएमआर (ट्रॅक एकावर एक न चढवलेले) लिहिलं असेल तर रोज लिहायच्या कामाला तेच बरं.

हो, शेवटी एसएसडी घेतलीच मी, मेलेल्या डिस्कच्या जागी. पण कोणती घ्यायची यावर जी चर्चा झाली तिचे वेगळे पैसे घ्यायला पाहिजे होते त्यांनी. स्वस्तातल्या एसएसडीत क्यूएलसी चिप असते, एकेका सेलमध्ये चार-चार बिट कोंबलेले, म्हणून ती लिहायला हळू. ते झाकायला पुढे एक फास्ट कॅशे, म्हणजे माल तात्पुरता ठेवायची जागा, ठेवलेली असते. विंडोज चालवायला, एक्सेल-टॅलीला काही कळतसुद्धा नाही, पण आमच्यासारखा एकदम ढीग टाकणारा माणूस ती कॅशे मिनिटात भरतो आणि मग हार्डडिस्कपेक्षा वाईट हाल. सॅमसंगने तर ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी एसएसडीच्या १ टीबी मॉडेलला स्वतःच कागदावर लिहून ठेवलंय, कॅशे ४२ जीबी, ती संपली की लिहायचा स्पीड ८० एमबी. निदान लिहिलं तरी, बाकीचे तेही नाही लिहीत. ड्राइव्ह जेवढी भरलेली तेवढी कॅशे आणखी आकसते, माझी जुनी काठोकाठ भरलेली होती. मला त्यांनी टीएलसीची (सेलमध्ये तीनच बिट) दिली, आणि पाचवा हिस्सा रिकामा ठेवायचा असं सांगितलं. मी नवरीमुलीच्या मामाचे रॉ फोटो दुसऱ्या हार्डडिस्कवर ढकलून तेवढी जागा ठेवून आहे.

फोटोंचं आठवलं म्हणून. मी विचारलं की ५० जीबीचा व्हिडिओ भरभर जातो आणि १० जीबीचं फोटोंच्या थंबनेल-प्रीव्ह्यूचं फोल्डर काहून मरते? तर प्रत्येक बारीक फाईलमागे नाव लिही, तारीख लिही, जागा शोध, नोंद कर, वरून अँटिव्हायरस ती उघडून वास घेते, मग बंद कर, मग पुढची. माल कमी आणि कारकुनी जास्त. उपाय दोन सांगितले. कुठे न्यायचंच असेल तर आधी कॉम्प्रेस न करता एकच झिप करा आणि ती न्या. किंवा रोबोकॉपीला एमटी हा पर्याय लावा, ती सोबत आठ फायली उचलते, पाहिजे तर आकडा वाढवता येते. पण हे एसएसडी ते एसएसडी बरं, हार्डडिस्कवर जास्त वाढवलं की हेड इकडून तिकडे नुसता पळत राहते. याच कारणाने हार्डडिस्कवर दोन कॉप्या सोबत चालवू नका, एक संपू द्या मग दुसरी लावा, दोन्ही मिळून लवकरच होतात. अँटिव्हायरसमधून त्यांनी फक्त माझं फुटेजचं फोल्डर वगळलं, मी म्हटलं पूर्ण डी ड्राइव्हच वगळा ना, तर साफ नाही म्हणाले, डाउनलोड तिथेच येतात.

एक सेटिंग मात्र मला विचारून बदललं ते आवडलं. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून यूएसबी ड्राइव्हला डीफॉल्ट क्विक रिमूव्हल असते, म्हणजे कधीही उपटा. ते बेटर परफॉर्मन्सवर केलं की लिहिताना थोडा वेग मिळतो पण मग दर वेळी इजेक्ट करूनच काढायचं, आणि लाईट गेली तर मधात अडकलेला माल गेला. यूपीएस आहे का विचारलं. आहे, पण बॅटरी दहा मिनिटं पण नाही काढत. मग राहू द्या म्हणाले. आमच्या एरियात मे-जूनमध्ये वादळ आलं की लाईट कशी जाते हे मला माहीत आहे, राहूच दिलं.

लॅनचं काम तर मी सांगितलंच नव्हतं, बोलता बोलता निघालं की घरी दोन मशीनमध्ये केबल आहे आणि स्पीड ११ च्या वर जात नाही. तो पोरगा लगेच म्हणाला, "शंभरवर अडकलं असेल." म्हणजे दोन्ही मशीन गिगाबिटची, पण जोडणी १०० मेगाबिटची, आठने भागा, साडेबारा, हातात अकरा. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून एखादी वायर तुटली तर नेट बंद पडत नाही, गुपचूप हळू होते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. दुसऱ्या खेपेला केबल गुंडाळून नेली. टेस्टरला लावली तर एक ते सहा दिवे ओळीने लागले, सात लागलाच नाही, आठ लागला. सात म्हणजे पांढरी-तपकिरी, टोकाशीच मोडलेली. पोराने टोक कापलं, आठही वायरी बोटांनी सरळ केल्या, पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, असं पुटपुटत रचल्या, एका रेषेत कापल्या, जॅकमध्ये घातल्या, क्रिम्पिंग टूल दाबलं, कट्ट. आठही दिवे लागले. घरी येऊन पाहिलं तर ११० च्या वर. हे काम त्याने चहा थंड व्हायच्या आत केलं आणि पैसे जॅकचे फक्त.

माझ्या समोरच एक जण "२ टीबी" चा पेनड्राइव्ह घेऊन आला, ऑनलाइन फार स्वस्तात मिळाला म्हणे, पण कॉपी अर्ध्यात अडकते आणि टाकलेले फोटो उघडत नाहीत. दादांनी एच२टेस्टडब्ल्यू चालवायला लावलं, ते ड्राइव्हमध्ये माल भरून परत वाचून पाहते. मी निघेपर्यंत चालूच होतं पण थोड्याच जीबीनंतर लाल अक्षरं यायला लागली होती. असल्या ड्राइव्हमध्ये चिप छोटी असते आणि फक्त नोंद मोठी केलेली असते, खरी जागा संपली की नवीन माल हवेत जातो किंवा जुन्यावरच लिहिल्या जातो. त्या भावाचा चेहरा पाहवत नव्हता.

मोबाईलवाल्यांनी एवढंच समजा की फोनसोबत आलेली टाइप-सी केबल बहुतेक वेळा चार्जिंगची असते, डेटा २.० चाच, आणि कित्येक फोनचा पोर्टच २.० असतो. आयफोन १५ सुद्धा त्यातलाच, १५ प्रोला मात्र १० गिगाबिटचा आहे. पार्टी जेव्हा फोनमधले व्हिडिओ घ्या म्हणते तेव्हा मी आता पाणी-बिणी विचारून बसवून ठेवतो.

आणि गरमी. नागपूरच्या मे महिन्यात ४५ च्या पुढच्या दुपारी, वरच्या मजल्यावर, टीनाखाली काम करणाऱ्यांनी हे वाचा. एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी फास्ट एसएसडी) सत्तर-ऐंशी डिग्रीच्या घरात गेली की स्वतःच स्पीड पाडते, आणि हार्डडिस्कच्या कागदावर बहुतेक ६० ची मर्यादा असते. माझ्या कॅबिनेटमध्ये कूलरच्या हवेने आलेली धूळ ओलसर होऊन पंख्याला लेपासारखी बसली होती, पोऱ्याने ब्रशने खरवडून काढली. पीसी कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, बाजूला ठेवा, असं ऐकून घ्यावं लागलं.

आता जे खटकलं ते. फोन उचलत नाहीत, उचलला तर "या ना दुकानात" म्हणून ठेवतात. संध्याकाळी देतो म्हटलेलं मशीन दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं, माझ्या पार्टीला तोंड मी दिलं. पक्कं बिल मागितलं तरच मिळते, एसएसडीच्या वॉरंटीसाठी ते लागते म्हणून मागून घ्याच. घरी येत नाहीत. आणि बोलतात फार, तुम्हाला फक्त काम करून पाहिजे असेल आणि का-कसं ऐकायचं नसेल तर कंटाळाल. मागे थांबलेले लोक उसासे टाकत असतात, मीही टाकले होते माझ्या आधीच्याच्या वेळी. तपासणीचे तीनशे रुपये आधी घेतात, काम केलं तर त्यात वळते करतात, नाही केलं तर गेले. काहींना ते टोचते. मला तरी वाटते, जो माणूस मोजायचे पैसे घेतो त्याला उगाच पार्ट विकायची घाई नसते.

आता कार्ड ते पीसी नव्वदच्या आसपास, पीसी ते एक्स्टर्नल हप्त्याने टाकलं तर शंभर, आणि शून्य अजून एकदाही दिसला नाही.

जायचं असेल तर मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरा, ऑरेंज आणि अ‍ॅक्वा दोन्ही लाईन तिथेच मिळतात, तिथून पायी. कॅबिनेट असेल तर ऑटो करा पण थांबवून ठेवू नका, वेळ लागतो. दुपारी जेवायला शटर अर्धं खाली असते, त्या वेळी वाजवू नका, चिडतात. केबल, रीडर, हब, अ‍ॅडॉप्टर सगळं सोबत न्या नाहीतर परत पाठवतील, आणि डिस्कवर काय काय महत्त्वाचं आहे त्याची यादी घरूनच लिहून न्या, पहिला प्रश्न तोच विचारतात.